तेरच्या हस्तिदंती मूर्तीपासून नेपल्सच्या धक्क्यापर्यंत

युरोपातल्या जुन्या बंदरांची क्रूझ ठरवणाऱ्या नांदेड-लातूरच्या प्रवाशांसाठी

तेरणाकाठचं तेर वारकऱ्यांना गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक आहे. लातूरहून गाडीने तास-दीड तासात तिथे पोचता येतं. समाधीचं दर्शन घेऊन बहुतेक जण परत फिरतात. गावातल्या शासकीय वस्तुसंग्रहालयाकडे थोडेच वळतात. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षं जपून गोळा केल्या. त्या संग्रहावर हे संग्रहालय उभं राहिलं. मातीचे दिवे, मणी, शंखाच्या बांगड्या, रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं आणि एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथे पाहायला मिळते.

या मूर्तीची एक बहीण हजारो किलोमीटर दूर इटलीत आहे. १९३८ साली पॉम्पेईच्या उत्खननात, व्हेसुव्हियसच्या राखेने इसवी सन ७९ मध्ये गाडून टाकलेल्या एका घरात, हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ या नावाने ओळखली जाते. ती नेमकी कुठे कोरली गेली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन या दोन ठिकाणी मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचं साम्य इतकं आहे, की मराठवाड्याचं नाव त्या चर्चेत हमखास येतं.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी माहितीपुस्तकात तगर आणि पैठण ही दोन्ही नावं आहेत. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे, असं तो सांगतो. पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली गलबतं मोसमी वाऱ्यांच्या बळावर तांबडा समुद्र गाठत. पुढे उंटांचे तांडे, मग नाईल नदी, मग अलेक्झांड्रिया आणि शेवटी नेपल्सच्या उपसागरातलं पुतेओली, म्हणजे आजचं पोत्सुओली. नांदेड-लातूरच्या माणसाने भूमध्य समुद्रातली क्रूझ ठरवावी, तर या वाटेचं दुसरं टोक पाहायला जातो आहोत हे मनात ठेवून ठरवावी. म्हणून तयारीची पहिली पायरी ट्रॅव्हल एजंटच्या दुकानाची नसावी, तेरची असावी. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा आणि घरच्या मुलांनाही सोबत न्यावं.

मार्ग निवडताना बंदराचं खरं नाव विचारावं

पश्चिम भूमध्य समुद्रात सात रात्रींचे फेरे सर्वाधिक चालतात. जेनोआ, नेपल्स किंवा रोम, सिसिलीतलं पालेर्मो किंवा माल्टातलं व्हॅलेटा, बार्सिलोना, मार्सेय आणि पुन्हा जेनोआ, असा साधारण क्रम असतो. पूर्वेकडे एड्रियाटिक समुद्रात क्रोएशियाचं दुब्रोवनिक, माँटेनेग्रोचं कोटोर आणि ग्रीसची बेटं येतात. लिस्बन अटलांटिकच्या बाजूला असल्याने ते पाहायचं असेल तर वेगळा मार्ग निवडावा लागतो.

जाहिरातीत शहराचं नाव असतं; जहाज मात्र अनेकदा दुसरीकडेच लागतं. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया. तिथून रोम सुमारे ७०-८० किलोमीटर दूर, म्हणजे जवळपास नांदेड ते परभणी. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, आणि तेही तितकंच लांब. व्हेनिसच्या जुन्या शहरालगतच्या जुदेक्का कालव्यातून मोठी जहाजं नेण्यास १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेलं जहाज मार्गेरा, त्रिएस्ते किंवा थेट राव्हेन्नाला थांबू शकतं. अशा बंदरात आठ तासांतले तीन-चार तास जाण्यायेण्यातच जातात.

याउलट नेपल्स, जेनोआ, पालेर्मो आणि व्हॅलेटा इथे जहाज शहराच्या दारातच लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, त्यातही ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी, अशी बंदरं जास्त असलेला मार्ग निवडावा. एजंटला तीन प्रश्न विचारावेत: जहाज नेमकं कुठे लागणार, किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार. या तीन उत्तरांवर सहलीचा दर्जा ठरतो. जहाजावर किती तलाव आणि किती थिएटरं आहेत, हे नंतर पाहिलं तरी चालतं.

समुद्र सोसतो का, याची शंका असेल तर आधी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझवर दोन-तीन रात्री काढून पाहाव्यात. मराठवाड्यातल्या अनेकांचा समुद्राशी संबंध गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यापुरताच आलेला असतो. डोलत्या जहाजावर झोप लागते का, भूक राहते का, हे घराजवळ कळलेलं बरं. मळमळ होणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात.

मोसम आणि कागदपत्रं

भूमध्य समुद्रात एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, गर्दी आणि भाडं, तिन्ही वाढलेली असतात. सोयाबीनच्या काढणीत अडकणाऱ्या शेतकरी कुटुंबांना सप्टेंबर-ऑक्टोबर जमणार नाही. त्यांना एप्रिलचा शेवट ते मे सोयीचा. शाळेच्या सुट्टीशीही तो जुळतो.

पोस्ट ऑफिसात पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाल्यापासून पासपोर्टसाठीची धावपळ कमी झाली आहे. व्हिसासाठी मात्र बोटांचे ठसे द्यायला मोठ्या शहरात जावंच लागतं. नांदेड-लातूरला हैदराबाद जवळचं, पण पत्ता महाराष्ट्रातला असल्याने अर्ज कोणत्या केंद्रात स्वीकारला जाईल हे आधी विचारून घ्यावं, नाहीतर एक खेप वाया जाते.

इटली, स्पेन, फ्रान्स, माल्टा, ग्रीस, पोर्तुगाल आणि २०२३ पासून क्रोएशिया हे सगळे शेंगेन देश. त्यांना मिळून एकच व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त दिवस जाणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल पडणार, त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मे महिन्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घेऊन ठेवावी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा.

क्रूझच्या प्रवाशांची सर्वाधिक फसगत एका गोष्टीत होते. जहाज मध्येच तुर्कस्तान, ट्युनिशिया किंवा माँटेनेग्रोला जाऊन परत येणार असेल, तर तो शेंगेनबाहेर जाऊन पुन्हा केलेला प्रवेश ठरतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे पुरत नाही. अर्जात अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि बंदरांची पूर्ण यादी जोडावी. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे विमानतळावर जास्तीचा वेळ धरावा.

पैशांचा हिशेब करताना भाड्याबरोबर जहाजावरचा रोजचा सेवा आकार, पाण्याच्या बाटल्या, इंटरनेट आणि बंदरातला खर्च धरावा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस हा कर घेतो. ती रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात जमा धरता येते. पावती जपून ठेवावी.

जहाजावर चढताना

जहाज सुटणाऱ्या शहरात निदान एक, जमल्यास दोन दिवस आधी पोचावं. लातूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई किंवा बसने हैदराबाद, तिथून आखातातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलून इटली, अशी लांबलचक साखळी असते. त्यातली एक कडी निसटली तरी जहाज थांबत नाही. शिवाय शहराची संध्याकाळ पाहायची तर हाच एक मार्ग. एरवी जहाजं बहुधा दिवस मावळायच्या सुमारास बंदर सोडतात.

चढल्याबरोबर सुरक्षेची तालीम असते. जीवरक्षक जाकीट कुठे, जमायची जागा कुठली, हे त्यात दाखवतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले. नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांची तोवर तालीमच झाली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. ही तालीम कुणीही चुकवू नये, आजी-आजोबांना तर शेजारी उभं करून समजावून द्यावं.

समुद्रात गेल्यावर मोबाइल उपग्रहाच्या जाळ्याला जोडला जातो आणि बिल भरमसाट येतं. धक्का सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. बंदरात उतरताना जहाजाचं कार्ड, पासपोर्टची प्रत आणि जहाजाच्या बंदरातल्या प्रतिनिधीचा फोन नंबर जवळ असावा. ‘सगळे जहाजावर’ ही वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे धरतात. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट पाहतं. स्वतःहून फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. त्यामुळे चिवितावेक्कियाहून रोमला जाताना जहाजाची सहल घ्यावी, नेपल्स-जेनोआत मात्र बेधडक पायी फिरावं.

एका बंदरात एकच गोष्ट

आठ तासांत पंधरा ठिकाणं दाखवणाऱ्या बसमधून उतरलेल्या माणसाला संध्याकाळी विचारावं, तर त्याला पार्किंग आठवतं. त्यापेक्षा घरूनच प्रत्येक बंदरासाठी एक धागा ठरवून न्यावा. मराठी माणसाला असे धागे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

जेनोआचा धागा कापडाचा. ‘जीन्स’ हा शब्द या शहराच्या फ्रेंच नावावरून आला, आणि तशाच जाड्याभरड्या कापडासाठी इंग्रजीत रुळलेला ‘डंगरी’ हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. जेनोआच्या धर्मप्रांतीय संग्रहालयात निळीने रंगवलेल्या कापडावर ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची चित्रं काढलेले सोळाव्या शतकातले भव्य पडदे आहेत. तगरचं जाडंभरडं कापड वाचून गेलेल्याला त्या निळ्या रंगापुढे थांबावंसं वाटेल. याच शहराच्या कैदेत १२९८ च्या सुमारास मार्को पोलोने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. त्यात आपल्या ठाण्याचंही वर्णन आहे.

लिस्बनचा धागा थेट मराठी भाषेचा. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक याच बंदरातून गोव्याला निघाला. पुढे त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. बेलेमच्या किनाऱ्यावर, जिथे वास्को द गामाची कबर असलेला जेरोनिमोस मठ आहे, तिथे उभं राहून ताग नदीचं मुख पाहताना हे आठवावं. लिस्बनला मुक्काम असेल तर रात्री फादो ऐकावा. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे गाणं छोट्या खानावळीत, मंद दिव्यात होतं. गायिका उभी राहिली की काटे-चमचे खाली ठेवायचे, बोलणं बंद. बैठकीच्या गाण्याला बसलेल्यांना हा शिष्टाचार शिकवावा लागत नाही.

बार्सिलोनात नांदेडकरांसाठी एक वेगळी खूण आहे. ला रांब्ला या प्रसिद्ध रस्त्यालगतच्या रावल वस्तीत शिखांचा गुरुद्वारा आहे. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये जेवलेल्या माणसाने डोकं झाकून तिथे माथा टेकवावा. स्थलांतरितांची ही वस्तीही त्या बंदराच्या संस्कृतीचाच भाग आहे. आणि हेही लक्षात असू द्यावं, की क्रूझच्या गर्दीने ही शहरं थकली आहेत. दुब्रोवनिकने एका वेळी येणाऱ्या जहाजांवर मर्यादा घातली. बार्सिलोनाने क्रूझची सात टर्मिनलं २०३० पर्यंत पाचवर आणायचं ठरवलं. गल्लीतल्या लोकांच्या दारात घोळका करून उभं राहू नये, दुकानात शिरताना आधी तिथल्या भाषेत नमस्कार करावा, चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. एवढं पाळलं तरी समोरचा माणूस बोलता होतो.

हरभऱ्याच्या पिठाचा समुद्र

शाकाहारी कुटुंबांची मोठी काळजी जेवणाची. जहाजावर भारतीय शाकाहारी जेवण मिळू शकतं, पण ते बुकिंगच्या वेळीच लेखी मागावं लागतं; जैन जेवण लागत असेल तर तसं स्पष्ट लिहावं.

बंदरात मात्र एक सुखद ओळख भेटते: हरभऱ्याचं पीठ. जेनोआच्या अरुंद गल्ल्यांत, ज्यांना तिथे ‘कारुज्जी’ म्हणतात, फारिनाता विकणाऱ्या जुन्या खानावळी आहेत. हरभऱ्याचं पीठ पाण्यात सैल कालवून मुरत ठेवतात. मग तांब्याच्या परातीएवढ्या थाळ्यात ऑलिव्ह तेल ओतून त्यावर ते पीठ पातळ पसरतात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. कडा खरपूस, मध्ये लुसलुशीत, वरून मिरपूड. पीठ, पाणी, तेल, मीठ, बस. धिरड्याची चव माहीत असलेल्या माणसाला पहिल्याच घासाला घर आठवतं. पालेर्मोत त्याच पिठाचे तळलेले काप पावात घालून देतात, ते ‘पानेल्ले’. मार्सेयला त्याचे ‘पानिस’ होतात.

काही ठिकाणी सावध राहावं. नेपल्सच्या खारट ‘ताराल्ली’त डुकराची चरबी असते. लिस्बनच्या प्रसिद्ध ‘पास्तेल दे नाता’त अंडं असतं. पारमेजान चीज बनवताना प्राणिज विरजण वापरतात. नेपल्सचा मारिनारा पिझ्झा मात्र टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढ्यावरच होतो. चीज त्यात नसतंच.

घरून नेताना शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट, मेतकूट बंद पाकिटात न्यावं. तूप, पेढे, कुंथलगिरीचा खवा यांतलं काही नेऊ नये. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी युरोपीय संघात आणण्यास मनाई आहे, विमानतळावर ते काढून घेतात. धपाटे प्रवासातच संपवावेत. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत.

नेपल्सचा दिवस

नेपल्सला जहाज सकाळी लागलं की बहुतेक प्रवासी पॉम्पेईच्या बसकडे धावतात. पॉम्पेई पाहायचंच असेल तर तिकीट आधी काढावं. तिथे आता दिवसाला २० हजारांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं. उन्हात दगडी रस्त्यांवर तीन तास चालणं मात्र सगळ्यांना झेपत नाही.

तेर पाहून आलेल्यांसाठी दुसरी वाट आहे. धक्क्याबाहेर किल्ल्याशेजारच्या म्युनिसिपिओ स्थानकातून मेट्रोची एक नंबरची लाइन घ्यायची. तोलेदो, दांते आणि मग मुझेओ. तिसऱ्या स्थानकावर वर आलं की समोर पुरातत्त्व संग्रहालयाची लाल इमारत. मंगळवारी ते बंद असतं, म्हणून जहाजाचा वार आधीच पाहावा. मूर्ती ठेवलेला ‘गुप्त कक्ष’ प्रौढांसाठीच्या प्राचीन कलावस्तूंचा आहे, त्यामुळे लहान मुलांबाबतचा नियम दारावर विचारून घ्यावा. मूर्ती कधी प्रदर्शनासाठी बाहेर गेलेली असू शकते. निघण्यापूर्वी संग्रहालयाला ईमेलने विचारलेलं बरं.

मूर्ती जेमतेम वीतभर उंचीची आहे. पाय एकमेकांवर टाकून उभी, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जड वाळे, दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दोन छोट्या दासी. मागच्या बाजूने पाहिलं तर पाठीवर रुळणारी वेणी दिसते. माथ्यापासून आत खोल भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती कशाचा तरी भाग होती: आरशाच्या मुठीचा किंवा एखाद्या छोट्या चौरंगाच्या पायाचा. तेरच्या मूर्तीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो इथे उघडावा आणि कमर, बांगड्या, उभं राहण्याची ढब शेजारी धरून पाहावी. घरातल्या मुलीला वेणी कुणाची जास्त ठसठशीत आहे ते शोधायला लावावं.

त्यासाठी दोन तास पुरेसे होतात. परतताना मेट्रोऐवजी तोलेदो रस्त्याने उतारावर चालत यावं. वाटेत एखाद्या पिझ्झेरियात मारिनारा घ्यावा. पिझ्झा घडवण्याच्या नेपल्सच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली. ओट्यामागे उभा कारागीर पीठ हवेत फिरवून थापतो आणि भट्टीत मिनिट-दीड मिनिटात पिझ्झा भाजून काढतो, ते जवळ उभं राहून पाहता येतं. जहाज पाच वाजता सुटणार असेल तर साडेतीनला धक्क्याकडे वळावं. वरच्या डेकवर गेलं की पश्चिमेला पोझिलिपोची टेकडी दिसते. तिच्यापलीकडे पोत्सुओली आहे, पूर्वेकडचा माल जिथे उतरत असे ते जुनं बंदर.